व्होल्गा नाही, तर आयसल

आमच्या आईला विचारा, नेदरलँड्समध्ये काय आवडलं, तर ती मोहरी म्हणेल. लोक ट्यूलिप म्हणतात, पवनचक्क्या म्हणतात, आमची मातोश्री मोहरी म्हणते. बाबांना विचाराल तर ते आधी चष्मा पुसतील आणि मग म्हणतील, "बोटीचं लॉक. काय डोकं लावलंय." दोघंही अर्धंच सांगतात. उरलेलं मी सांगते, कारण त्या बोटीवर मी होते, आणि परत येऊन इतके दिवस झाले तरी माझी बडबड थांबलेली नाही. ऑफिसमध्ये लोक मला टाळायला लागलेत.

खरी ट्रिप वेगळीच ठरली होती. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग, बोटीतून, व्होल्गेवरून, वाटेत जुनी जुनी गावं घेत. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तिथे रशियन मशीन होत्या आणि त्यांची पुस्तकं रशियनमध्ये. ती वाचता यावीत म्हणून तरुणपणी बाबांनी संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकायला घेतलं आणि त्या भाषेच्या प्रेमातच पडले. पुढे ट्रेनिंगला तिकडे जायला त्यांचं नाव लागलं. लोकरीचा जाडजूड कोट शिवून घेतला. निघायच्या आधीच सोव्हिएत युनियन फुटलं, तो देश राहिला नाही. कोट राहिला.

बाबा रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मी ती बोटीची ट्रिप बुक केली होती. आधी कोरोना आला, मग युद्ध. मग बाबांनीच सांगितलं, "मेघा, ते रद्द कर. आता तिकडे कुठल्या तोंडानं जायचं?" पण तो नकाशा त्यांनी टाकला नाही. उग्लिच, यारोस्लाव्हल, किझी, सगळी गावं क्रमानं पाठ. आणि एक भाषणही पाठ. तिकडे उतरल्यावर कोणी विचारलंच, की बाबा रे, तू आमची भाषा कुठं शिकलास, तर द्यायचं उत्तर. माझं नाव अमुक, मी भारतातून, पुण्याहून आलो, तुमची भाषा संध्याकाळच्या वर्गात शिकलो, चुकलं तर माफ करा. दाढी करताना, गॅलरीत झाडांना पाणी घालताना, वर्षानुवर्षं ते चालू. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ह्यांचं मायो-ईम्या सुरू झालं की माझं दूध उतू जातं." मायो ईम्या म्हणजे माझं नाव. भाषणाची सुरुवातच ती.

ह्या उन्हाळ्यात दोघं माझ्याकडे, आम्स्टरडॅमजवळच्या डीमनला आले. बाबांची पंचाहत्तरी इथेच येत होती. मी ठरवलं, व्होल्गा नाही तर नाही, नदी तर दाखवू. आम्स्टरडॅमहून आर्नमपर्यंत आयसल नदीतून जाणारी एक बोट सापडली. जुनी मालवाहू बोट, आता तिच्यात केबिनी केलेल्या. नवरा आणि मुलगी घरी राहिले, कारण शाळा. बाबांनी नकाशावर आयसल बोटानं मोजली आणि म्हणाले, "एवढीशीच?" माझा धीर तिथेच अर्धा झाला.

आम्स्टरडॅमहून निघताना

स्टेशनच्या मागच्या धक्क्यावर बोट उभी होती. हिरवी, ठेंगणी, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या. प्रवासी सगळे डच, सगळे निवृत्त, सगळे आपापली सायकल घेऊन आलेले. आम्ही आलो चार बॅगा, एक पिशवी आणि लोकरीच्या कोटातले बाबा घेऊन. पिशवीत मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. मी सांगितलं होतं की जेवण बोटीवर आहे. आई म्हणाली, "असू दे. त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला."

स्किपर वाउटर हा मोठ्या हातांचा, हळू बोलणारा गृहस्थ. त्यानं सगळ्यांना नियम सांगितले. त्यातला महत्त्वाचा म्हणजे केबिनमध्ये आग नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. मी भाषांतर केलं तेव्हा आईनं पर्स जवळ ओढली. निरांजन त्यातच होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शहर संपता संपता लॉक आलं. लॉक म्हणजे बोटीची लिफ्ट. बोट एका सिमेंटच्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी चढतं किंवा उतरतं, आणि पुढचं दार उघडतं. आपण कॉफीचा कप हातात धरलेला असतो, तोही हिंदकळत नाही. बाबा कठड्याला ओणवून बघत राहिले. वाउटरनं त्यांना वर बोलावलं. कोणती झडप आधी, कोणती नंतर, दोघांनी हातवाऱ्यांनी उरकलं. बाबा खाली आले तेव्हा कोटाची बटणं सोडलेली होती. "पंप नाही गं," ते म्हणाले, "नुसतं पाणी आपलं आपण चढतंय." हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मला तर नाचावंसं वाटलं.

पुढे मोठं तळं लागलं, आयसलमेअर. पूर्वी हा समुद्र होता, ह्या लोकांनी बांध घालून त्याचं तळं केलं. चहूकडे पाणी, वर ढगांचं मोकळं आभाळ, आणि वारा असा की आईनं पदर कानाभोवती गुंडाळून घेतला आणि ठेपले वाटायला काढले. आमच्या शेजारी योहाना नावाच्या निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी ठेपला खाल्ला, रेसिपी विचारली, दुसरा खाल्ला. डच माणूस दुसरं बिस्कीट विचारल्याशिवाय घेत नाही म्हणतात. ठेपल्याला तो नियम लागू नसावा.

काम्पन

संध्याकाळी आम्ही नदीत शिरलो आणि समोर काम्पन आलं. काय सांगू. अख्खं गाव नदीकडे तोंड करून उभं आहे. जुने मनोरे, उतरत्या छपरांची घरं, आणि पूल असा की त्याची वर ओढायची चाकं चक्क सोनेरी. पूर्वी हान्सा म्हणून व्यापाऱ्यांचा एक मोठा संघ होता, काम्पन त्यातलं मातबर गाव. इथून जहाजं पार बाल्टिक समुद्रात जायची. योहानाबाईंनी सांगितलं की त्या संघाची वखार रशियात नोव्हगोरोडलाही होती. बाबा ताठ बसले. "नोव्हगोरोड? म्हणजे ह्या धक्क्यावरून माणसं तिकडे जायची?" त्यांनी धक्क्याकडे असं पाहिलं की जणू अजून एखादी बोट सुटायची आहे.

त्याच आनंदात ते जेवायला बसले, आणि तिथेच माशी शिंकली.

सूप घेऊन आली ती मुलगी तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, चेहरा कामात. वाउटरनं ओळख करून दिली, ही ओक्साना, स्वयंपाकघर हिच्या हातात. बाबांनी नाव ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. ते उभे राहिले. हात जोडले आणि म्हणाले, "मायो ईम्या सुधाकर. या इझ इंदीई..."

ओक्सानाचा हात वाडग्यावर थांबला. तिनं सूप टेबलावर ठेवलं, बाबांकडे न बघता इंग्लिशमध्ये म्हणाली, "इंग्लिशमध्ये बोला, प्लीज," आणि आत गेली.

बाबा उभेच राहिले. आईनं त्यांचा कोट खाली ओढला. "बसा अहो, सूप निवतंय."

नंतर योहानाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की ओक्साना खारकिव्हची. तिकडे तिच्या घरी रशियनच बोलायचे. बॉम्ब पडायला लागले तेव्हापासून तिनं ती भाषा तोंडातून काढलेली नाही, फोनवर आपल्या आईशीसुद्धा नाही.

सकाळी गावातून फिरताना मी हे बाबांना सांगितलं. दगडी वेशीखाली ते थांबले. "माझ्या लक्षात यायला नको? पेपर वाचतो मी रोज. नाव ऐकलं आणि हुरळलो. इतकी वर्षं जपून ठेवलं, आणि पहिलं माणूस भेटलं ते हे. तिच्या जखमेवर मीठ चोळलं मी."

त्यानंतर ते गप्प झाले. वाउटरनं बोलावलं तरी वर गेले नाहीत. ओक्साना ताट ठेवायची, हे मान खाली घालून जेवायचे. पंचाहत्तरी उद्यावर आलेली, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्या तोंडाला कुलूप. मी वरवर हसत होते, पण मला मनातून रडू येत होतं.

डेव्हेंटर

नदी मात्र कोणाच्या मूडसाठी थांबत नाही. दोन्ही काठांना पुराच्या पाण्यासाठी मोकळी सोडलेली कुरणं, त्यात गुडघाभर गवतात गाई, खांबांवर घरटी करून बसलेले करकोचे. मी फोटो काढून काढून फोनची बॅटरी संपवली. वळण घेतलं की आधी चर्चचा मनोरा दिसतो, मग गाव पाण्यातून वर येतं. प्रत्येक वेळी मी "बघा, बघा" म्हणून ओरडत होते. डच प्रवासी सौजन्यानं बघत होते. ते तिथलेच.

डेव्हेंटरचा मसाल्याचा केक प्रसिद्ध. मधाचा, दालचिनी-लवंगेचा, चिवट. आई म्हणाली, "गुळपापडीची वडी ह्यापेक्षा बरी," आणि दोन पाकिटं घेतली.

संध्याकाळी वाढदिवस. आईनं पर्समधून काय काय बाहेर काढलं: छोटं ताम्हन, निरांजन, तुपात भिजवलेल्या वाती, सुपारी, कुंकू, अक्षता, अंगठी. पंचाहत्तरीचं औक्षण ती बोटीवरच करणार होती. वाउटरचा नियम मी परत सांगितला. आई म्हणाली, "ज्योतीशिवाय कसलं औक्षण?" वाउटरला बोलावलं. त्यानं डोकं खाजवलं, छताला लावलेलं, धूर झाला की वाजणारं यंत्र दाखवलं आणि खिन्नपणे मान हलवली. शेवटी योहानाबाईंनी टेबलावरचा बॅटरीचा दिवा उचलून दिला, खोटी ज्योत लुकलुकणारा. आईनं तो निरुपायानं ताम्हनात ठेवला. "देवाला काय, तो समजून घेईल," असं म्हणून तिनं बाबांना ओवाळलं. सगळी बोट बघत होती. बाबांचे डोळे भरून आले, तेवढ्यात दिव्याचा सेल संपला. आईनं तो तळव्यावर आपटून परत लावला आणि पुढे ओवाळलं.

आता इथली एक रीत सांगते. डच लोक वाढदिवसाला नुसतं उत्सवमूर्तीचं अभिनंदन करत नाहीत, घरच्या सगळ्यांचं करतात. त्यामुळे अख्खी बोट रांग लावून आली. बाबांशी हस्तांदोलन, मग आईशी, मग माझ्याशी. "तुमच्या नवऱ्याबद्दल अभिनंदन," "तुमच्या वडिलांबद्दल अभिनंदन." आई चक्रावली. "माझं कशाला? मी काय केलं?" मी भाषांतर केलं. योहानाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं सांभाळलंत की." आईनं क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. "मग बरोबर आहे."

मग गाण्यात नाव घालायचं म्हणून योहानाबाईंनी आईला विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

आमच्या घरात हे नवीन नाही. आई बाबांना 'अहो' म्हणते आणि त्यांच्याबद्दल बोलताना 'हे'. बँकेत विचारा, दवाखान्यात विचारा, ती माझ्याकडे किंवा भावाकडे बघणार. तिनं ते नाव घेतलंय ते लग्नात, उखाण्यात. त्यानंतर नाही. मी हे समजावून सांगितल्यावर योहानाबाई काळजीत पडल्या. "पण हे पाण्यात पडले तर हाक कशी मारणार?"

"अहो, अशी," आई म्हणाली. "ह्यांना बरोबर ऐकू येतं."

नाव मीच सांगितलं. सगळ्यांनी डचमध्ये गाणं म्हटलं. ओक्सानानं केक आणून ठेवला, इंग्लिशमध्ये शुभेच्छा दिल्या. बाबांनी इंग्लिशमध्येच आभार मानले आणि ताटाकडे बघत राहिले. तेवढा एक कोपरा अंधारातच राहिला.

झुत्फन आणि डूसबर्ख

झुत्फनच्या चर्चला लागून एक जुनी ग्रंथशाळा आहे. तिथली पुस्तकं साखळीनं मेजांना बांधलेली, कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून. बाबा एका पुस्तकासमोर बराच वेळ उभे राहिले. बाहेर येऊन मला म्हणाले, "तुझा तो फोन काढ. तिच्या भाषेत, म्हणजे तिच्या युक्रेनियनमध्ये, आभारी आहे कसं म्हणतात बघ."

मी बघितलं. द्याकुयू. फोननं म्हणून दाखवलं, बाबांनी म्हटलं. फोननं परत म्हटलं, बाबांनी परत म्हटलं. नदीकाठच्या बाकावर पंचाहत्तरीतला विद्यार्थी आणि त्याचा मोबाईल. आई पलीकडून म्हणाली, "झालं. आता आणखी एक सुरू." पण ती हसत होती, कारण दोन दिवसांनी त्यांचा आवाज ऐकू येत होता.

डूसबर्खला मोहरी. हे गावच मोहरीचं. जुन्या कारखान्यात अजून दगडी जात्यांवर मोहरी दळतात, व्हिनेगर घालून तिची पिवळी चटणी करतात. नाकात झिणझिण्या आणणारा तो वास आल्यावर आईला माहेरी आल्यासारखं झालं. दाण्यांची चिमूट तळहातावर घेऊन ती तिथल्या बाईंना म्हणाली, "फोडणीत का नाही घालत? तडतडली पाहिजे." माझ्या तोडक्या डचमध्ये 'तडतडणे' काही बसेना, तेव्हा आईनं तोंडानं आवाज करून दाखवला. त्या बाईंनी तिला मोहरीची एक बरणी भेट दिली. ती आता पुण्याला गेलीय.

रात्रीच्या जेवणाला मोहरीचं सूप होतं, दाट, पिवळं, वरून कांद्याची पात. ओक्सानानं बाबांसमोर वाडगा ठेवला. बाबांनी मान वर केली आणि हळूच म्हणाले, "द्याकुयू."

ती थांबली. मी टेबलाखाली आईचा हात धरला. ओक्सानानं मान थोडी हलवली आणि ती गेली. पण नंतर न मागता बाबांपुढे दुसरा वाडगा आला. दुसऱ्या कोणाला आला नाही, मी नीट बघितलं.

आर्नम

शेवटच्या सकाळी बोट आर्नमच्या धक्क्याला लागली. इथून आमची आम्स्टरडॅमची गाडी होती. निरोपाची गर्दी, सायकली उतरताहेत, योहानाबाई ठेपल्यांची रेसिपी तिसऱ्यांदा लिहून घेताहेत. बाबा कोट घालून उतरायच्या फळीपाशी उभे होते. ओक्साना हात पुसत बाहेर आली. बाबांनी परत एकदा म्हटलं, "द्याकुयू."

तिनं आधी नदीकडे पाहिलं. मग बाबांकडे. आणि सावकाश, शब्द मोजत, रशियनमध्ये बोलली. दोनच वाक्यं. त्यांचा अर्थ बाबांनी मला नंतर गाडीत सांगितला: तुम्ही आमच्या शाळेतल्या म्हाताऱ्या सरांसारखं बोलता. कुठं शिकलात?

तोच प्रश्न. आयुष्यभर ज्याचं उत्तर घोटलं, तो प्रश्न, आणि तो तिनं विचारला. बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज येईना. घसा खाकरला, चष्मा काढला, परत घातला. डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं. मला अर्थ कळला नव्हता, पण काय चाललंय ते कळत होतं, आणि मी काहीच करू शकत नव्हते. ओक्साना वाट बघत उभी.

आईनं बॅग खाली ठेवली. पदर खांद्यावरून नीट घेतला आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात, सदाशिव पेठी रशियनमध्ये सुरू झाली:

"मायो ईम्या सुधाकर. या इझ इंदीई, इझ गोरदा पूना..."

आणि थांबलीच नाही. संध्याकाळचा वर्ग आला, चुकलं तर माफ करा आलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. एका शब्दाचा अर्थ तिला माहीत नाही. पण इतकी वर्षं दूध उतू गेलं ते उगाच नाही.

ओक्सानानं आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि हसायला लागली. त्या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा, कठड्याला धरून, डोळे पुसत. मग इंग्लिशमध्ये आईला विचारलं, "म्हणजे तुमचं नाव सुधाकर?"

मी भाषांतर केलं. आईच्या तेव्हा ध्यानात आलं की आपण काय बोललो. तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. कानापर्यंत लाल झाली.

बाबा रशिया विसरले, नदी विसरले, आम्ही सगळे उभे आहोत हेही विसरले. अगदी हळू म्हणाले, "परत एकदा म्हण ना."

"गाडी चुकेल," आई म्हणाली. "बॅगा उचला."